टाहो काकू कोणाच्या नावे

मी, तनुजा मल्लिनाथ बिरादार, वय ४६, धंदा विनोदी लेखन, मूळची देवणीची, सध्या राहणार तरोडा, नांदेड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. येत्या सोमवारी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, साधं आहे. स्टेजवर जाण्याआधी मीही तसंच म्हणते, म्हणून हे लिहिलेलं बरं. याआधीचा कच्चा खर्डा मी रद्द करत आहे. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. तरोड्याचा फ्लॅट मी टीव्हीच्या लिखाणावर घेतला, तो माझा एकटीचा आहे. माझ्या पश्चात तो माझा दिवंगत भाऊ रेवणसिद्ध याची मुलगी समीक्षा हिच्या नावे व्हावा. ती लातूरला शिकते. तिनं तो विकला तरी माझी हरकत नाही. हॉलमधलं सन्मानचिन्ह काढलं तर मागे भिंतीला भोक दिसेल, तेवढं बुजवून घ्यावं. बँकेत जे असेल ते तिच्या शिक्षणाला.

कलम २. मागच्या खोलीतले माईक, मिक्सर, हेडफोन आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या माझ्या पॉडकास्टचं ध्वनिमुद्रण करणारा विनोद पांचाळ याला द्याव्यात. त्यानं माझा एकेक भाग ऐकला आणि एकदाही हसला नाही, म्हणून त्याच्यावर माझा भरवसा आहे. गाद्यांवर कोणाला झोपवू नये. ढेकूण आहेत.

कलम ३. माझा वाचायचा चष्मा मी लिहिते त्या टीव्ही मालिकेच्या निर्मात्यांना पाठवावा. शेवटच्या पाटीत माझं नाव इतक्या घाईनं जायचं की ते त्यांनाही कधी दिसलं नसावं.

कलम ४. टाहो काकू.

टीव्हीवर लुगडं नेसून, हेल काढून रडणारी आणि मेलेल्या माणसाला रडता रडता टोमणे मारणारी टाहो काकू सगळ्यांना ठाऊक आहे. एक पुरुष नट ती करतो. ते पात्र मी लिहिलं आणि करारानुसार लेखनाचे हक्क माझ्याकडे आहेत. पण ती माझी नाही. ती माझी भावजय, रेवणसिद्धची बायको, अयोध्या.

आमच्या गावात कोणी गेलं की माणसं विचारायची, "अयोध्या आली का? मंग उचला." वहिनी रडल्याशिवाय मढं उंबऱ्याबाहेर जात नसे. ती मेलेल्याशी बोलायची. त्याची खोड काढायची, त्याचा चांगुलपणा सांगायची. बायका रडता रडता पदराआड हसायच्या आणि मग जास्तच रडायच्या. माझे वडील गेले तेव्हा ती म्हणाली, "मामा, कवळी वाटीतच ऱ्हायली की वो! तिकडं भाकर कशी चावताव? सून वाईट, सून वाईट म्हनत व्हताव, आता कुनाला म्हनताव वो मामा?"

बाप ओसरीवर होता. मी न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि हे फोनमध्ये उतरवून घेतलं. टाहो काकूचा पहिला भाग तोच.

नंतर रेवणसिद्ध गेला. वहिनी त्याच्या उशाला बसली, तिनं पहिला हेल काढला, आणि मागून कोणाची तरी सून फिसकन हसली. "टाहो काकू." दोनतीन पोरांनी फोन वर केले. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. नवऱ्याच्या मातीला ती एक शब्द बोलली नाही. मला कोणी काही म्हणालं नाही. तीही नाही. मी नांदेडला परत आले आणि आठवड्याचा भाग वेळेवर पाठवला.

म्हणून कच्च्या खर्ड्यात मी टाहो काकूचे सगळे हक्क वहिनीच्या नावे केले होते. गेल्या रविवारी ते तिला वाचून दाखवायला गेले. ती शेंगा फोडत होती.

"कुनाचं मृत्युपत्र?"

"माझं."

"मंग आताच कामून वाचायलीस? मेल्यावर वाचतेत की."

मी कलम वाचलं. तिनं शेंग खाली ठेवली.

"म्हंजी ते लुगडं नेसल्यालं बाप्या माझं झालं?"

"हो."

"त्याला घिऊन काय करू? दोन येळ जेवाय घालू?"

मी हसले. ती हसली नाही.

"नगं मला ते. कुनी मेलं की मी आता आत बसून भाकरी थापू लागते. माझं रडनं मला येतंय का अजून, तेच ठाव न्हाई, तनू. ते लिहून दिती का तुजी वकीलबाई?"

वकीलबाई म्हणाल्या होत्या, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला सही करू नये. मी ते सांगितलं. वहिनी म्हणाली, "मंग मला साक्षीलाच धर. घेनारी व्हन्यापरीस ते बरं."

सबब तिला मी काहीही देत नाही. टाहो काकू कोणाच्याही नावे नाही. माझ्यानंतर ती कोणी लिहू नये, करू नये. चॅनेलला मी कालच कळवलं आहे की माझ्या हयातीतही ती आता येणार नाही.

कलम ५. माझी माती देवणीला व्हावी. त्या वेळी घरात कोणाच्याही हातात फोन नसावा, विनोदच्याही नाही. वहिनीला रडावंसं वाटलं तर रडेल. नाही वाटलं तर तिला कोणी बोलवायला जाऊ नये.

कलम ६. वरची पाचही कलमं तिला वाचून दाखवल्यावर वहिनीनं विचारलं, "फोन कुठं हाय तुजा?" बाहेर पिशवीत, म्हटलं. "दोनी हात गुडघ्यावर ठिव. डोळे मीट." मी मिटले. तिनं दार लोटलं, घसा खाकरला आणि माझ्या उशाला बसावं तशी माझ्यामागे बसून हेल काढला. सुरुवातीला आवाज चिरकला. मग लागला. माझ्या खोडी निघाल्या, मीही विसरलेल्या. मध्येच थांबून ती म्हणाली, "बाकीचं तवा."

ती काय काय म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही. कुठेच लिहिणार नाही. ते माझ्या इस्टेटीत धरू नये.

ठिकाण : नांदेड
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : तनुजा मल्लिनाथ बिरादार (सही)

आमच्यासमक्ष तिनं सही केली, तिच्यासमक्ष आम्ही केली :
१. वैजनाथ लक्ष्मणराव केंद्रे, शेजारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी (सही)
२. अयोध्या रेवणसिद्ध बिरादार, राहणार देवणी (सही)