लिसियातेचा राहिलेला तुकडा

व्हावाऊ,
१४ ऑगस्ट

चि. फाने हिस,
पिसिलाआत्याचा आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय. मनात काय आहे ते खाली वाच.

परवा तुझ्या बापाला, माझ्या लिसियातेला, पुरलं. विमानातून पेटी उतरली. मागून तू उतरशील म्हणून मी मान वर करून उभी, तर मागून कोणाची तरी सायकल निघाली. एकुलती एक पोर, बापाच्या मातीला आली नाही! सुतकाची मोठी फाटकी चटई कमरेला गुंडाळून सगळ्यांच्या खाली बसायचं ते तू. ती चटई घडी केलेली तशीच पडून आहे. पाद्रीबुवांनी विचारलं, मुलगी कुठाय? म्हटलं, आजारी आहे. देवळाच्या दारात मला खोटं बोलायला लावलंस.

बाप गेला की मुलांचे केस आत्याने कापायचे. मी कात्रीला धार लावून बसलेय. आता कापू कोणाचे, डुकराचे?

काम आहे म्हणालीस. मेंदूच्या पेशी का खवळतात नि कशाने निवतात, हे बघायचं काम. लिसियातेला फिट यायची म्हणून तर ते शिकायला गेलीस. ज्याच्यासाठी शिकलीस तोच गेला, मग घाई कसली उरलीय?

फोनवर तू गप्प बसतेस. कागदावर गप्प बसता येत नाही म्हणून लिहिते. शाळेत मी गेले न गेले सारखंच. अक्षर वाकडं आहे, राग सरळ आहे.

लोभ आहेच. तो टिकेल असं वाग.

तुझी,
पिसिलाआत्या


ब्रिस्बेन,
१७ ऑगस्ट

ती. पिसिलाआत्यास,
फानेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मावशीच्या जावयाने हातात दिलं. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. रजा मिळत होती. पण एक काम मध्येच सोडण्यासारखं नव्हतं. त्याच्याकडे रोज बघावं लागतं आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजेना. याहून जास्त विचारू नकोस.

बाबांचं इथलं ऑपरेशन नीट झालं होतं. फिट जिथून उठायची तो मेंदूचा डावीकडचा भाग काढला. बाबा शुद्धीवर आले, चहा कोमट आहे म्हणून कुरकुरले. मग पायात रक्ताची गाठ धरली आणि ती फुप्फुसात गेली. चूक कोणाची नाही.

थडग्यावर पांढरी वाळू घातली का? कडेचे काळे खडे तेल लावून रचले का? बाबांना ते चकचकीत आवडायचे.

रागावलीस तरी टाकू नकोस.

तुझी भाची,
फाने


व्हावाऊ,
१९ ऑगस्ट

चि. फाने हिस,
आशीर्वाद आहे, पण अर्धाच. वि. वि.

वाळू घातली, खडे रचले. मला कामं शिकवू नकोस. उद्याच्या विमानाने देवळातली बाई येतेय तिकडे, तिच्या पर्समध्ये हे कोंबते.

आता ऐक. पुरल्यापासून माझं डोकं दुखतंय. डावीकडे, कानाच्या वर, कोणी सुई धरून बसल्यासारखं. पाला वाटून लावला, काही नाही. दवाखान्यातली गोळी घेतली, काही नाही. आणि रोज सकाळी केवड्याच्या पाती घेऊन विणायला बसले की जळक्या निरफणसाचा वास येतो. चूल थंड असते. तो वास कोणाला यायचा, आठवतंय ना? लिसियातेला. फिट यायच्या आधी म्हणायचा, कोणीतरी निरफणस करपवला गं.

आणि तो येतो. भिऊ नकोस, मीही भीत नाही. पायरीवर बसतो, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, आत ये, नाहीतर जा, दारात बसून माशा कसल्या मारतोस. वळत नाही. कोणाची तरी वाट बघितल्यासारखा बसतो.

माझ्या आजोबांच्या वेळचं तू ऐकलंयस. आईचा कान ठणकायला लागला, थडगं उकरलं, तर निरफणसाचं मूळ आजोबांच्या कवटीत शिरलेलं. मूळ काढलं, आईचा कान थांबला. लिसियातेचं थडगं नवं, तिथे मूळ कुठलं? मग मी तुझं पत्र परत वाचलं. डावीकडचा भाग काढला म्हणतेस. काढला तो ठेवला कुठे?

खरं सांग. या घरात आत्याने विचारलं की भाचरांनी सांगायचं असतं. तिथल्या मोठ्या पदवीने हा कायदा बदलत नाही.

उत्तर आलं की मगच पुढचा अर्धा आशीर्वाद.

पिसिलाआत्या


ब्रिस्बेन,
२२ ऑगस्ट

ती. पिसिलाआत्यास,
फानेचा सा. न. वि. वि.

सांगते.

काढलेला भाग आमच्या प्रयोगशाळेत आला. बाबांनी स्वतः सही केली होती. माझं डोकं इथे कोणाच्या कामाला आलं नाही, निदान पोरीच्या येऊ दे, असं हसून म्हणाले. त्याचे नखाहून पातळ काप करून, रोज पाणी बदलून, अंगाच्या उबेत ठेवले तर त्यातल्या पेशी जगतात. काचेची बारीक नळी पेशीला टेकवली की तिची टकटक यंत्रातून ऐकू येते. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत सिरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. पेशीवर त्याच्यासाठी निरनिराळी दारं असतात. एका जातीच्या दारावर त्याने थाप मारली की पेशी खवळते, दुसऱ्या जातीच्या दारावर मारली की निवते. फिटवाल्या पेशींत निववणारी दारं उरतात का, हे मी शोधते.

घरच्या माणसाचं मी बघायचं नाही, असा नियम आहे. म्हणून ते काम सोबतच्या मुलीने केलं. तिचं झाल्यावर एक काप उरला. तो टाकणार होती. बाबा त्याच दिवशी गेले, आत्या. मी म्हटलं, मी बघते त्याच्याकडे.

तुम्ही पेटी उतरवत होतात तेव्हा तो जिवंत होता. तुम्ही माती लोटत होतात तेव्हाही. सांग, मी कोणत्या बाबांकडे यायला हवं होतं? इतके दिवस काप टिकत नाहीत असं सगळे म्हणतात. हा टिकलाय. रोज सकाळी पाणी बदलण्याआधी मी त्याची टकटक ऐकते. मध्येच खवळतात पेशी, सगळ्या एकदम, बाबांच्या फिटसारख्या. मी बाजूला उभी असते. लहानपणी अंगणात उभी असायचे तशी, हात मागे बांधून. त्यांचं डोकं जमिनीवर आपटायचं, मी धरायला धावले की तू मागे ओढायचीस. बापाच्या डोक्याला पोरांनी हात लावायचा नसतो, म्हणायचीस. आता मी त्या डोक्याच्या आत आहे. तुला काय तोंड दाखवू?

मला हे थांबवता येत नाही. थांबवलं की ते माझ्या हातून जातील.

माफी मागत नाही. फक्त लोभ तोडू नकोस.

फाने


व्हावाऊ,
२४ ऑगस्ट

चि. फाने हिस,
पूर्ण आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तिकडचे डबाबंद मासे खाऊन पोसलेले तुझे डोळे नि चष्म्याविना चालणारे माझे, दोघींच्या नशिबी हेच बघायचं बाकी होतं.

तुला मागे ओढलं ते बरोबरच ओढलं. आजही ओढेन. रीत ती रीत. आणि जिवंत माणसाला टाकून प्रेताकडे धावली नाहीस, हेही बरोबर. मी असते तरी तेच केलं असतं. पण मग इथे आम्ही कोणाला पुरलं गं? अर्ध्या माणसाला. म्हणून तो बसलाय पायरीवर. मेला की नाही, हेच त्याला कळेना. दार इथे, जीव तिथे. भावाचे असे हाल मी बघणार नाही.

तुला थांबवता येत नाही, कारण तिथे पुरे म्हणणारं तुझ्यावर कोणी नाही. इथे आहे. लिसियातेची मी थोरली बहीण, त्याच्या पोरांवर माझा शब्द चालतो. मी सांगते, पुरे. हे तुझ्या हातून होतंय असं मानू नकोस. माझ्या शब्दाने होतंय. पाप असेल तर माझ्या डोक्यावर, तसंही ते दुखतंयच.

आधी त्याला ते निववणारं दे. खवळलेला जाऊ देऊ नकोस. मग उबेतून बाहेर काढ. आणि हातातले ते रबरी मोजे काढून ठेव. त्या एका वेळेपुरती बंदी मी उठवली. उघड्या हाताने बापाच्या डोक्याला हात लाव. तुला कोणी मागे ओढणार नाही. मग काय उरेल ते तिथे विचारून, नीट गुंडाळून घेऊन ये. थडग्याची वाळू मी स्वतः बाजूला करते.

कात्रीला परत धार लावलीय.

ये. लोभाचं तोंडावर बोलू.

तुझी,
पिसिलाआत्या


ब्रिस्बेन,
२७ ऑगस्ट

ती. पिसिलाआत्यास,
फानेचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या तालियाबरोबर पुढे पाठवते, मी शुक्रवारी येते. घेऊन यायची परवानगी मिळाली.

आज सकाळी टकटक ऐकली. खवळलेली होती. मी ते द्रव्य सोडलं. आधी वाटलं, काहीच होत नाही. मग एकेक पेशी संथ होत गेली, अंगणात फिट ओसरल्यावर बाबांचा श्वास व्हायचा तशी. निववणारी दारं उरली होती, आत्या. नोंद मी केली नाही. ते आमच्या घरातलं आहे.

मग मोजे काढले. तुझं नाव घेतलं, आणि हात लावला.

इतकीशी गोष्ट, बोटाखाली कळतही नव्हती. पण कोमट होती. माझ्या बोटाखाली गार होईपर्यंत मी हात काढला नाही.

केस मोकळे ठेवलेत. आज सकाळी तुला वास आला का, पायरीवर कोणी होतं का, ते आल्यावर सांग. आधी मात्र केस काप.

तुझीच,
फाने