पहिल्या बर्फाची वाटी

प्रिय मरजान,

फोन हाताशी असताना म्हातारी कागद कशाला खरडतेय, असं तुझ्या मनात येईल. शेवटी सांगते. मात्र आधीच शेवटाकडे उडी मारू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे ती तुझी.

माझ्यासाठी तू खोली रंगवून ठेवलीस, पलंग समुद्राकडच्या खिडकीशी लावलास, हे ऐकून भरून आलं. शब्द मीच दिला होता ना, की हाही हिवाळा कोरडा गेला तर अक्रोडाची बाग विकून बुशहरला तुझ्याकडे येते. डोंगरावर बर्फ धरेना, झऱ्याची धार करंगळीएवढी झाली, अक्रोड फोडावा तर आत काळा. निम्मं गाव उठून हमदानला गेलं. मीही गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

आणि गंमत बघ, याच बर्फाला मी जन्मभर शिव्या घातल्या! आपण बंदरावरच्या पोरी. नवी नवरी होऊन इथे आले तेव्हा वाटलं, यदुल्लाहने मला फसवून आणलं. मातीची धाब्याची घरं. पडलेला बर्फ वेळेत ढकलला नाही तर छप्पर गळणार. सगळ्यांनी ढकलला की गल्ली भरून दार उघडेना. सरपण ओलं, नळ गोठलेले, दोरीवरची विजार फळीसारखी ताठ. तुझे भावजी म्हणायचे, "अगं, ती गावाची पाण्याची टाकी आहे, वर ठेवलेली." मी म्हणायचे, "मग माझ्याच डोक्यावर कशाला ठेवलीत?"

त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारची कोकब झाकलेली वाटी घेऊन दारात आली. मला वाटलं, नव्या नवरीचं कौतुक, हलवा असेल. "अल्ला तुझं भलं करो," म्हणत मी दोन्ही हातांनी घेतली. झाकण काढते तर आत बर्फ! आणि ही बया गल्लीच्या टोकाला पोचून ओरडतेय, "बर्फ आमचा, मेजवानी तुमची!" इथली रीतच आहे तशी. पहिल्या बर्फाची वाटी जो गाफीलपणे घेईल त्याने देणाऱ्याला जेवू घालायचं. आणणारा पळायच्या आत सापडला, तर त्याच्या तोंडाला काजळी फासायची आणि मेजवानी त्याच्याकडून उकळायची. झालं, अख्खी गल्ली माझ्याकडे जेवली. शेगडीवर चौरंग ठेवून त्यावर पसरलेल्या गोधडीत पाय खुपसून त्या बाया माझ्या नकला करत इतक्या हसल्या, की रुसलेली मीही हसले. द्राक्षाच्या काकवीत कालवलेला बर्फ मी तेव्हा पहिल्यांदा चाखला. पुढे दर हिवाळ्याला मीच काजळी तयार ठेवून दाराआड दबा धरू लागले. बर्फ ढकलून कंबर मोडायची, पण त्याची वाट बघायचे. यदुल्लाह गेल्यावरही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी जाग आली ती कोकबच्या आरोळीने. "ए बंदरवाले, जिवंत आहेस का? फावडं घे, नाहीतर छपरासकट खाली येशील!" वर गेले तर गुडघाभर पांढरं. पहिलं फावडं मारलं आणि मला हुंदकाच फुटला. ती तिच्या छपरावरून विचारते, "रडतेस का गं? गुडघे दुखतात?" म्हटलं, "हो बाई, गुडघेच." तिनेही तोंड फिरवून डोळे पुसले. तेव्हापासून बर्फ थांबला नाही गं. पाणी वाटणारा मीरआब काल डोंगर बघून आला आणि म्हणाला, "तूबाखानम, झरा तरला." जीव भांड्यात पडला. तशीच चिखल तुडवत गेले आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून आले.

तर मरजान, मी येत नाही. हे फोनवर बोलले असते तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते. शिवाय फोनमधून बर्फ पाठवता येत नाही. खाली कोपऱ्यात शाई फुटलीय ना? त्या पहिल्या बर्फाची वाटी मी ओसरीवर राखून ठेवली होती, त्यातली चिमूट विरघळलीय तिथे. पाकीट तू आपल्या हाताने घेतलंस, आणि पोस्टमन केव्हाच पुढच्या दारी गेला. आता काजळी कुणाला फासशील? बर्फ माझा, मेजवानी तुझी. ती इथे येऊनच द्यायची, बर्फ आहे तोवर. मासे तू आण, भात मी लावते. तुझ्या मापाचे लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. आणि हो, दारात कोकबने झाकलेलं काही पुढे केलं, तर हात पाठीमागे ठेव.

तुझ्या वाटेवरचा बर्फ रोज बाजूला करणारी,
तुझीच थोरली,
तूबा