सतरा फुकट स्थळं, पैकी तीन

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि मागच्या दाराची ती कुरकुरणारी बिजागरी, तिघंही आता ठीक असतील असं धरून चालतो. (बिजागरीत तेल वरून सोडायचं असतं, खालून नाही, हे भावोजींना मी दोनदा सांगितलं आहे.) अण्णांना शहर दाखवलंस का, असं तू फोनवर विचारलंस, आणि मी सांगायला लागलो तर तीनदा मध्येच बोललीस. म्हणून हे पत्र. पत्रात मध्ये बोलता येत नाही. उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

तुझा हुकूम स्पष्ट होता: मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सोमवारची, तोवर आठवडाभर अण्णांना इथे धरून ठेवायचं. अण्णांचं म्हणणंही तितकंच स्पष्ट होतं: आपल्याला सगळं दिसतं, ऑपरेशनची गरज नाही, गुरुवारच्या बसने आपण परत निघणार. चाळीस वर्षं (एकेचाळीस, दुकानाला पाटी लागल्यापासून धरली तर) ज्याने गावाची मापं घेतली, त्या शिंप्याला, त्यातून स्वतःच्या बापाला, तुमच्या नजरेत दोन बोटं कमी पडतात असं कोण सांगणार? तेव्हा शहराचाच मोह घालायचा असं मी ठरवलं. त्यातही तिकीट काढून बघायची कुठलीच गोष्ट अण्णा बघत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी फुकट स्थळांची यादी केली. वाचनालयाच्या भिंतीवर तसं माहितीपत्रक लावलेलं आहे, ते उभ्याने उतरवून घेतलं. सतरा स्थळं, पाच रकाने: वेळ, बसचा नंबर, बसायची सोय, पाण्याचा नळ, शेरा. (छापणाऱ्याने अक्षर इतकं बारीक ठेवलंय की मुंगीने वाचावं. तसं मी तक्रारवहीत लिहून आलो. त्या वहीच्या रेघाही पुसटच.) तू म्हणशील, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला शहरातलं काय कळतं. पण मशीन तरी मला कोणी शिकवलं होतं? तीन खोलली, दोन परत जोडली, झालो तयार. (तिसरं तुझं होतं, हे तू दर वेळी काढतेस.)

सोमवारी उंच इमारतीची गच्ची. बेचाळिसावा मजला, अकरापर्यंत प्रवेश मोफत, बस नंबर एकशे अकरा. बस आली, मी नंबर जातीने वाचला, अण्णांना हात देऊन चढवायला गेलो तर त्यांनी हात झटकला, पायरी दिसते मला म्हणाले, आणि एका बाईंच्या पिशवीवर पाय देऊन वर गेले. पन्नास मिनिटांनी बस जिथे रिकामी झाली तिथे इमारत होती, पण एक मजली. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र. बसवाल्यांनी न कळवता मार्ग बदलला असणार, दुसरं कारण मला दिसत नाही. दारावरचा पहारेकरी आम्हाला बघून स्टुलावरून उठलाच. अकरा वर्षांत त्याच्याकडे हौसेने आलेले आम्ही पहिलेच. त्याने साहेबांना बोलावलं, साहेबांनी एक तास वीस मिनिटं सगळे हौद दाखवले आणि शेवटी चहा पाजला. (पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. अण्णांनी विचारलं.) अण्णा प्रत्येक कठड्यावर वाकून ‘वा, काय नितळ’ म्हणत होते. अगदी पहिल्या हौदालाही, ज्यात सगळं जसं येतं तसं येऊन पडतं. साहेबांचे डोळे पाणावले. मी ते स्थळ अठरावं म्हणून यादीत घातलं आहे.

मंगळवारी चित्रांचं दालन. चित्रकलेचाही माझा अभ्यास घरचाच, पण पक्का. उजव्या भिंतीवरच्या पाचव्या चित्रापाशी मी थांबलो. वादळी समुद्र, सगळा करड्या रंगात. लाटांची चढण, आभाळाचा दाब, खालच्या कोपऱ्यातला तो काळपट भोवरा, हे सगळं मी अण्णांना समजावून दिलं. अण्णा मान डोलवत होते. म्हणाले, गलबत काही वाचत नाही बघ. गलबत मला दिसलं नव्हतं, पण बापाला दिसलेलं गलबत नाही कसं म्हणायचं? मीही त्याच्या शिडाविषयी थोडं बोललो. कॉलेजातली चार पोरं मागे उभी राहून वहीत लिहून घ्यायला लागली. तेवढ्यात दालनाचा शिपाई आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, साहेब, इथलं चित्र महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेलंय, ही भिंतीची ओल आहे. आता दालनात उजेडच ठेवायचा नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? (ओल मात्र उत्तम होती. पोरांनी काही खोडलं नाही.)

बुधवारी अण्णांनी उठल्याउठल्या पिशवी भरायला घेतली. शेवटचा उपाय म्हणून मी त्यांना संग्रहालयात नेलं, बुधवारी तिथे सगळ्यांना मोफत. पहिल्या मजल्यावर जुन्या कपड्यांचं दालन आहे. मधोमध लाकडी पुतळ्यावर कुणा सरदाराचा जरीचा कोट, भोवती दोरी, दोरीवर पाटी. पाटीवर काय होतं ते मला लांबून लागलं नाही, आणि अण्णांना ती दिसली नाही. त्यांनी दोरीवरून हात घातला आणि कोटाची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपली. शिपाई धावला, शिट्टी वाजली, त्या दालनाच्या बाई चष्मा सावरत आल्या. अण्णा हात न काढता म्हणाले, ‘बाई, ह्याच्या बाह्या उलटसुलट लावल्यात. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. हा माणूस जेवला असता तर घास पाठीमागे गेला असता.’

बाई रागावायच्या बेतात होत्या. पण त्यांनी कोपराचा बाक बघितला, मग एक जाड वही आणून बघितली, आणि खुर्ची मागवली. मला नव्हे, अण्णांना. कधीकाळी दुरुस्तीत कुणीतरी बाह्यांची अदलाबदल केली होती आणि तेव्हापासून शहर येऊन ते बघून जात होतं. पाऊण तास अण्णा बोलत होते, बाई लिहून घेत होत्या. ताई, आई गेल्यापासून अण्णांना इतकं बोलताना मी पाहिलेलं नाही. शेवटी बाईंनी कोट पुतळ्यावरून उतरवून त्यांच्या हाती दिला आणि विचारलं, गळ्याच्या काजाला टाका कुठला घातलाय, एवढं सांगाल का? अण्णांनी कोट नाकाशी नेला. मग खिडकीशी नेला. मग कोट बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, आज उजेड कमी आहे.

उजेड भरपूर होता. तो मलाही दिसत होता.

बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही बिस्किटं खाल्ली. (पायऱ्या फुकट, सावली दोनपर्यंत.) पुडा संपल्यावर अण्णा म्हणाले, ‘काज दिसलं नाही रे मला.’ मी काही बोललो नाही. तुला खोटं वाटेल, पण खरंच नाही बोललो. मग म्हणाले, सोमवार म्हणजे किती दिवस राहिले?

तेव्हा काळजी नसावी. भावोजींना औषध, बिजागरीला तेल, अदलाबदल नको.

तुझा आज्ञाधारक (आता तरी मान्य कर) भाऊ

ता. क. १: तू रविवारीच ये. काल डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन कसं करतात ते आम्हाला समजावून सांगितलं. अण्णा शेवटपर्यंत ऐकत होते. मला मधूनच जमिनीवरून उचलावं लागलं. दवाखान्याला घरचं एक उभं राहू शकणारं माणूस हवं आहे. येताना अण्णांचं ते बोटात घालायचं अंगुस्तान आण. बरे झाले की बाह्या त्यांनीच बसवून द्याव्यात, असं संग्रहालयाच्या बाईंनी सांगितलंय.

ता. क. २: अण्णांनी ऑपरेशनला एक अट घातली, ‘आधी ह्याचे डोळे तपासा.’ तपासणी फुकट होती म्हणून बसलो. आज चष्मा आला. वरचं पत्र पुन्हा वाचलं आणि वाचनालयातही जाऊन आलो, त्यावरून दुरुस्त्या: इमारतीची बस एकशे अकराच होती, आम्ही एकशे एकोणिसात बसलो होतो. माहितीपत्रकाचं अक्षर चांगलं टपोरं आहे. तक्रारवहीतली माझी तक्रार तक्रारवहीत नसून सभासदांच्या वहीत आहे.

ता. क. ३: हे अण्णांनी सांगितलेलं, शब्दन् शब्द तसंच, चष्मा लावून लिहितोय: ‘पोरी, कंडक्टर एकशे एकोणीस म्हणून दोनदा ओरडला होता. मी ऐकलं. बोललो नाही, हा इतक्या हौसेने नेत होता. डोळे झाले की ह्याला शहर दाखवीन म्हणतो. बरंच फुकट आहे म्हणे.’