परतीची गाडी

३ मार्च
सातही ट्रकांच्या पाठीवर रंगवून घेतलं — 'देशाच्या दुसऱ्या शहरातून सप्रेम'. निकालाला पंधरा दिवस आहेत, पण मला धीर कुठला! बायको म्हणाली, "हरलात तर काय, ट्रकांना गोणपाट गुंडाळून पाठवणार?"

राजधानीनंतर मोठं कोण, आम्ही की ते बंदराचं शहर — चाळीस वर्षं हेच भांडण. आता ते ठरवायला सरकारनेच राजधानीतून एक निरीक्षक बाई धाडल्यात.

९ मार्च
बाईंना फिरवायला गाडी माझी, चालवलीही मीच. त्यांना मी ड्रायव्हर वाटलो. बरंच झालं, ड्रायव्हरसमोर लोक मोकळं बोलतात. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष मागे बसून उंच इमारती मोजून दाखवत होते. बाई नुसत्या हूं हूं. अध्यक्ष उतरले, तसा बाईंनी बहिणीला फोन लावला — "अगं, इथे रस्ता ओलांडता येतो. चष्म्याचा स्क्रू पडला, तर चष्म्याच्या दुकानदाराने काम थांबवून बसवून दिला."

मग मला, "तुम्हाला काय वाटतं हो, शहर दुसरं कशावरून ठरतं?"

म्हटलं, "बाई, मी लोकांची घरं हलवतो. एक ट्रंक घेऊन या गावात आलो, आज सात ट्रक आहेत. इथून राजधानीला ते गच्च भरून जातात आणि रिकामे परत येतात. येताना भरून यायला लागले की आम्ही दुसरे. तोवर नुसता रंग."

"म्हणजे तुम्ही ड्रायव्हर नाही?"

"तोही आहे."

हसल्या. वहीत मात्र काही लिहिलं नाही.

१० मार्च
'नुसता रंग' म्हणे! तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं?

१८ मार्च
हरलो. बंदरवाले दुसरे — लोकसंख्या, विमानतळ, गोदी. अहवालात आमच्या वाट्याला साडेतीन ओळी. ट्रकांवरची अक्षरं खरवडून टाकायला रंगाऱ्याला उद्या बोलावलंय.

१९ मार्च
रंगारी शिडीवर चढला आणि फोन वाजला. निरीक्षक बाई.

"पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. दोन खोल्यांचं सामान, पुस्तकं जास्त. तुमची ती रिकामी परतणारी गाडी हवी."

"उतरवायचं कुठे?" — धंद्याची सवय.

"चष्म्याच्या दुकानामागे. जागा घेतलीय."

रंगाऱ्याने तोवर 'देशाच्या'मधला 'दे' खरवडला होता. तो परत रंगवायला लावला.