सल्लागार समितीतली रिकामी खुर्ची

२ जानेवारी, शुक्रवार

दारव्हा गावच्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्याबद्दल मुंबईत ठरतं आणि आपल्याला पेपरात कळतं. धरण असो, रेल्वे असो, कापसाची खरेदी असो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण ठरतंय, आणि तेही आपल्याला पेपरातच कळलं!

(समोर भिंत आहे. रोजनिशीची सुरुवातसुद्धा सभेसारखी होते. सवय. खोडत नाही, वाक्यं चांगली आहेत.)

बातमी पान पाचवर. राज्याच्या एआय धोरणासाठी सल्लागार समिती. कंपन्यांतले तज्ज्ञ, विद्यापीठांतले तज्ज्ञ. पिकावर कोणता रोग आहे हे यंत्रानं सांगावं का, दवाखान्यात आधी कोणाला तपासायचं हे यंत्रानं ठरवावं का, पोरांचे पेपर यंत्रानं तपासावे का, सगळ्यावर हे लोक सरकारला सल्ला देणार. आपल्या जिल्ह्यातून एकच नाव. डॉ. संघर्ष. माझा विद्यार्थी! अकरावी-बारावीचं राज्यशास्त्र माझ्याकडे शिकला, आता यवतमाळला कॉम्प्युटर शिकवतो. वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याच वाक्याला अडकून स्टेजवरून उतरलेला मुलगा. तो आता सरकारशी बोलणार.

मला हेवा वाटत नाही. फोटोत त्याचा टाय वाकडा आहे, एवढंच नोंदवतो.

संकल्प: संघर्षबद्दल कोणाशीही एक शब्द बोलायचा नाही.

संध्याकाळ. स्टाफरूममध्ये बोललो. चहाच्या टपरीवर बोललो. कटिंगवाल्याकडे बोललो, तेव्हा वस्तरा मानेवर होता म्हणून थोडक्यात. घरी आल्यावर बायको, उर्वशी, म्हणाली, पोरगं मोठं झालं तर तुमचं काहून पोट दुखून राह्यलं? पोट दुखत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३ जानेवारी, शनिवार

सावित्रीबाई जयंती. पुसदला व्याख्यान. विषय: बाईचा आवाज. सभागृह भारावून गेलं. ठरलेल्या वेळेपेक्षा जरा वाढलं. माझ्यानंतर तिथल्या एका महिला सरपंच बोलणार होत्या, त्यांना वेळ उरला नाही. वाईट वाटलं. पण सभा रंगली असताना थांबणं हा श्रोत्यांचा अपमान आहे.

ओघात समितीवर चार शब्द घेतले. ज्यांनी ढेकूळ फोडलं नाही ते शेताचं धोरण ठरवणार, वगैरे. टाळ्या. (ढेकूळ मीही फोडलेलं नाही. पण मी ढेकळाच्या बाजूने बोलत आलो आहे.)

उतरताना एका पोरीनं विचारलं, सर, एआय म्हणजे नेमकं काय? मी म्हणालो, तो प्रश्नच नाही, प्रश्न सत्तेचा आहे. घरी येऊन मोबाइलवर शोधलं. कळलं. बरंचसं.

७ जानेवारी, बुधवार

संघर्षचा फोन. आधी नमस्कार, मग तब्येत, मग मॅडम कशा आहेत. नम्रपणाचंही प्रदर्शन असतं हे लोकांना कळत नाही.

म्हणाला, सर, समितीत एक खुर्ची रिकामी आहे. बाकीचे सगळे आम्ही कंपनीवाले आणि प्राध्यापक. खेड्यातले लोक काय म्हणतात हे आणून देणारं कोणी नाही. मी तुमचं नाव सुचवलंय.

तो माझं नाव सुचवतो! काळ कसा उलटा फिरतो. तरी मोठ्या मनानं हो म्हणालो.

त्याची एकच अट. समितीला भाषण नको आहे, लोकांचं म्हणणं पाहिजे. एखाद्या गावात बसायचं, यंत्रानं तुमच्यासाठी काय ठरवावं आणि काय ठरवू नये हे विचारायचं, त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. मी म्हणालो, अरे, लोकांचं मन मला पाठ आहे. तो म्हणाला, तरीपण, सर, विचारा.

लगेच जमीरकडे गेलो. बसस्टँडसमोर त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. मजकूर सांगितला: 'वऱ्हाडची मुलूखमैदान तोफ! मूक जनतेचा बुलंद आवाज! राज्य सल्लागार समितीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त दारव्हेकर.' जमीर म्हणाला, सर, निवडीची सरकारी ऑर्डर निघाली का? म्हटलं, तू डिझाइन करून ठेव, ऑर्डर निघते. म्हणाला, समस्तमध्ये मी बी येतो का? म्हटलं, समस्त म्हणजे समस्त. म्हणाला, मंग फोटो जरा हसरा आणा, यात तुम्ही कोणावर तरी खेकसून राह्यले.

तो फोटो भाषणाचाच आहे. माझा दुसरा फोटो नाही.

११ जानेवारी, रविवार

राळेगाव तालुक्यातल्या एका गावी गेलो. उर्वशी अंगणवाडीची पर्यवेक्षिका, पूर्वी हा भाग तिच्याकडे होता, म्हणून सोबत घेतली. मोबाइल तिनं धरायचा असं ठरलं. मी धरला तर माझा एक हात अडकतो, आणि मी दोन्ही हातांनी बोलतो.

माजी सरपंच उकंडाभाऊंनी समाजमंदिरात लोक जमवले होते. सतरंजी, हार, पाण्याचा जग. बाया मागे भिंतीला टेकून बसलेल्या. हार घातल्यावर दोन शब्द बोलणं आलंच. बोललो. मग मुद्द्याचा प्रश्न टाकला: यंत्रानं तुमच्या आयुष्याचे निर्णय घ्यावेत का? शांतता पसरली. सभेत शांतता फार वेळ ठेवू नये, म्हणून उत्तरही मीच दिलं. उकंडाभाऊ म्हणाले, बराबर हाय सर. दुसरा एक म्हणाला, हो. यालाच जनमत म्हणतात.

नंतर उकंडाभाऊंनी घरी चहाला नेलं. उर्वशी तिथंच बायांत बसली. परत आलो तर समाजमंदिरातून मोठ्यानं हसण्याचा आवाज येत होता. मी दारात दिसताच बंद झाला. काय झालं विचारलं, तर उर्वशी म्हणाली, काही नाही, बायांच्या गप्पा.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, हिनं रेकॉर्डिंग बंदच केलेलं नाही. बायांच्या गप्पाही त्यात गेल्या! रागावलो. तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही बंद करा म्हटलंच नाही. बाया म्हणल्या, राहू द्या चालू. मंग मी कायले बंद करू?

१२ जानेवारी, सोमवार

शेवटचा भाग कापून टाकायचा प्रयत्न केला. कापता येतो म्हणतात. मला आला नाही. तसंच पाठवलं. बायांच्या गप्पा अगदी शेवटी आहेत, माझं बोलणं संपल्यावर पुढे कोण ऐकतंय?

आत्मविश्वास दांडगा. मुंबईच्या पहिल्या बैठकीसाठी जाकीट इस्त्रीला दिलं.

१९ जानेवारी, सोमवार

रेकॉर्डिंगचा अहवाल आला. तोही यंत्रानंच केलेला. कोण किती बोललं हे यंत्र ओळखतं म्हणे, आणि सारांशही काढतं. संघर्षनं सोबत हात जोडल्याचं चित्र पाठवलंय. नुसतंच.

सारांशाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: 'पहिल्या भागात एक गृहस्थ, लोकांनी बोललं पाहिजे, असं सविस्तर सांगतात. लोक बोलत नाहीत.'

पूर्वग्रह! शुद्ध पूर्वग्रह! यंत्रं पक्षपाती असतात हे मी ओरडून सांगतोय, त्याचा हा पुरावा. मला तर वाटतं, यंत्राला माझा हेवा वाटतो. त्याला दोन हात नाहीत.

मग दुसरा भाग. रुपीबाई नावाच्या बाई उर्वशीला म्हणाल्या, मॅडम, यंत्रानं सांगतलं का लेकराचं वजन कमी हाय, तर ते कोणाले बोलन? मले का त्याच्या बापाले? आमच्या घरी बोलणी मलेच बसते. उर्वशी नुसती, मंग? एवढंच म्हणाली. रुपीबाई म्हणाल्या, मंग काय, त्याच्या बापाच्या मोबाइलवर बी धाडाव. अन् यंत्राचं चुकलं तर आम्ही कोणाच्या दारात जाव? तुम्ही चुकल्या तर तुम्हाले धरता तरी येते. पुढे आणखी कोणीकोणी बोललं. उर्वशीचं आपलं, मंग? अन् तुमचं काय? बस.

याला मुलाखत म्हणतात? एकही संदर्भ नाही, एकही अवतरण नाही!

शेवटी रुपीबाईंनी विचारलंय, मॅडम, सर घरी बी असेच बोलते का? उर्वशी म्हणाली, घरी कमी. घरी माइक नाही.

हसण्याचं कारण कळलं. हे आता मुंबईला, सरकारदरबारी, कायमचं नोंदलं गेलं आहे.

२४ जानेवारी, शनिवार

ऑर्डर निघाली.

उर्वशीच्या नावानं.

फोन आला तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी फोन स्पीकरवर ठेवायला लावला, काही गैरसमज असेल तर तिथल्या तिथे दूर करता यावा म्हणून. उर्वशी म्हणाली, अरे संघर्ष, मी कायची तज्ज्ञ? तो म्हणाला, मॅडम, समितीत आम्ही सगळे बोलणारे आहोत. लोक तुमच्यापाशी बोलतात. तो एकदाही अडखळला नाही. वक्तृत्व स्पर्धेत काय झालं होतं याला!

फोन ठेवल्यावर मी तिला शांतपणे विचारलं, लोक तुझ्यापाशी बोलतात, पण लोक माझं ऐकतात. यातलं मोठं काय? तिनं शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. म्हणाली, सोला.

हेवा नाही. खुर्ची एका घरात आली, म्हणजे तात्त्विकदृष्ट्या निवड माझीच आहे. फक्त तिनं लगेच पुसदच्या बहिणीला, मग राळेगावच्या रुपीबाईला, मग कोणाकोणाला फोन करायची गरज नव्हती. आणि प्रत्येक फोनवर, सरांनीच नेलतं मले तिकडे, असं सांगायची तर मुळीच नव्हती. त्यानं जास्त लागतं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन आटोपून जमीरकडे गेलो, फ्लेक्स रद्द करायला. उशीर झाला होता. त्याला बातमी कळली होती. फ्लेक्स बसस्टँडवर लागला होता. म्हणाला, सर, मजकूर तुमचाच ठेवला, जबरदस्त होता. फक्त फोटो बदलला.

तर: 'वऱ्हाडची मुलूखमैदान तोफ!' खाली उर्वशीचा आधार कार्डासारखा फोटो, ओठ मिटलेले. कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या गोल चौकटीत, मी. खेकसताना.

जमीर म्हणाला, समस्तमध्ये तुम्हाले बी घेतलं. म्हटलं, दिसलं.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

आज उर्वशीचा जाहीर सत्कार. कार्यक्रमपत्रिका आली. प्रमुख पाहुणे डॉ. संघर्ष. सत्कारमूर्ती ती. माझं नाव शोधत खाली, खाली, अगदी खाली गेलो. आभार प्रदर्शन.

बंधूंनो आणि भगिनींनो, आभार प्रदर्शन कोणाला देतात हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जो रुसला आहे, ज्याला डावलता येत नाही आणि ज्याला ऐकायचंही नाही, त्याला. गेली कैक वर्षं मी स्वतः ते दुसऱ्यांना वाटत आलो.

योजना: या आभारांचंच ऐतिहासिक भाषण करायचं. ग्रीक लोकशाहीपासून सुरुवात. समितीतल्या तज्ज्ञांनी घाम पुसला पाहिजे. मुद्दे काढून झाले. पानं भरपूर.

संध्याकाळ

उर्वशी बोलायला उठली. म्हणाली, मले भाषण येत नाही, तुम्हीच सांगा. आणि माइक घेऊन खाली लोकांत गेली! माइकची वायर मागे ओढत. इतका मोठा सभासंकेताचा भंग मी पाहिला नाही. आणि लोक बोलायला लागले. मोटार मेकॅनिक बोलले, कॉलेजच्या पोरी बोलल्या, माझ्या स्टाफरूममधले, बारा वर्षांत ज्यांच्या तोंडून मी शब्द ऐकला नव्हता, ते बोलले. (मी असताना बोलत नसत. कारण माहीत नाही.) सूत्रसंचालकानं चार चिठ्ठ्या पाठवल्या, कोणी वाचल्या नाहीत.

शेवटी माझं नाव पुकारलं, त्याच श्वासात, जेवण तयार आहे, असंही सांगितलं. बाहेरून रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा वास. मी म्हणालो, बंधूंनो आणि भगिनींनो. खुर्च्या सरकल्या. ग्रीसपर्यंत पोचेतो अख्खं सभागृह पत्रावळीपर्यंत पोचलं होतं.

समोर एकटा संघर्ष बसलेला. पहिल्या रांगेत, हात मांडीवर, वर्गात बसायचा तसा. टाय सरळ होता. उठला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, सर्वांचे आभार. आणि खाली उतरलो. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

संघर्ष म्हणाला, सर, छान झालं. अडखळत म्हणाला. खोटं बोलताना तो अडखळतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या उर्वशी मुंबईला जाते. धामणगावहून गाडी, संघर्षही त्याच गाडीनं. तिनं बॅग भरली. माझं इस्त्रीचं जाकीट कपाटात आहे.

उर्वशी, ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तूही वाचत नाहीस. म्हणून ती उघडी करून, टेबलावर, तुझ्या चष्म्याखाली ठेवतो आहे. मागणी एकच: मला सोबत ने. बॅग मी धरतो. बैठकीच्या वेळी बाहेर बाकावर बसतो. बोलणार नाही. कोणी विचारलं तर दोनच शब्द.

४ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

उठलो तेव्हा गाडी गेलेली. चष्माही गेलेला. कालच्या नोंदीखाली पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात:

बॅगेले चाकं हायेत. रविवारी तुम्ही रुपीबाईकडे जा, तिचं अर्धं सांगायचं राह्यलं, ते ऐकून आणा. तोंड बंद, रेकॉर्डर चालू.