जिनिंगच्या गेटावरचा लॅपटॉप

आई, आज तुझ्यासमोर थोडी बढाई मारायची आहे. तू असतीस तर "लई झालं तुहं, पहिले जेवून घे" म्हणून अर्ध्यातच उठून गेली असतीस. नाहीस, म्हणून सगळी ऐकावी लागणार.

बाभुळगावात माझं एका खोलीचं ऑफिस आहे, हे तू पाहिलंच नाहीस. दुकानदारांचे हिशेब लिहिते, टॅक्सची कामं करते, हाताखाली दोन मुली आहेत. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी बाजारच बसला. शेतकऱ्याच्या हाती काही नाही म्हटल्यावर दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर दुकानदारांनी सगळ्यांत आधी माझं काम बंद केलं. मुलींना काय सांगायचं या विचारात असताना कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या शेठनं बोलावलं. गेटावर बसायचं, कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन लॅपटॉपवर घ्यायचं आणि तिथल्या तिथं पावती काढून द्यायची, असं पुढच्या हंगामभराचं काम होतं. लॅपटॉप मात्र माझा. शेठ पान चघळत म्हणाला, "गाड्याईची लाइन लागली न् तुमचं डबडं बंद पडलं, तर त्याच दिवशी यवतमाळच्या पार्टीले बलावतो. मंग रडू नका." ऐपत एकाच लॅपटॉपची होती. तो चुकला असता तर ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

यवतमाळच्या दुकानात शिरले आणि मला तू दिसलीस. मी आठ-नऊ वर्षांची आहे. जयंती तोंडावर आलेली, घरात पांढऱ्या-निळ्या कापडाचे गठ्ठे पडलेले, आणि तुझ्या जुन्या शिलाई मशीननं ऐन वेळी मान टाकलेली. आपण नवी घ्यायला आलोय. दुकानदार सुईखाली मऊ पॉपलिनचा तुकडा सरकवतो, मशीन सुरसुर चालते, तो खुशीत हसतो. तू पिशवीतून, वर्षभर शिवायचीस त्या दप्तरांचं जाड कापड काढतेस, त्याची चौपदरी घडी करतेस आणि त्याच्यापुढे टाकतेस. "हे चालवून दाखवा." तो वैतागतो, "बाई, मशीन घेऊन राह्यली का भांडण करून राह्यली?" तू म्हणतेस, "तुमची चिंधी शिवाले नाही नेऊन राह्यली मशीन. माह्यं काम हे हाय." मी लाजेनं अर्धी झालेली, तुझा पदर ओढतेय. तू सगळ्यांसमोर मला झापतेस, "लाज कायची वं? घरी गेल्यावर सुई मोडली तर हा येईन काय शिवाले?" दोन मशिनी तुझ्या कापडावर अडतात. तिसरी चालते, आणि तीच आपण एसटीच्या टपावर टाकून घरी आणतो.

तर लॅपटॉपच्या दुकानातला पोरगा मला डोंगरदऱ्यांचा व्हिडिओ दाखवत होता. रंग काय, आवाज काय! "मॅडम, गेम बी मस्त चालते याच्यावर." मी म्हटलं, दादा, मला गेटावर बसायचंय, गेम कायले? आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात गेल्या वर्षीचे सगळ्या दुकानांचे हिशेब आणि काट्याचा प्रोग्राम होता. पिशवीत पावतीचा प्रिंटरही आणला होता, वायरसकट. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. पहिला लॅपटॉप सुरेख, पापडासारखा पातळ, पण प्रिंटरची वायर लावायला त्याला भोकच नाही, आणि आकड्यांच्या वेगळ्या कळाही नाहीत. दिवसभर वजनंच टाइप करणाऱ्याला त्या नकोत का? दुसऱ्याचा प्रोसेसर म्हणे सगळ्यांत भारी, पण मेमरी चारच जीबी आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क. सगळं एकदम उघडल्यावर तो गोल चक्र फिरवत बसला. तिसरा कोपऱ्यात होता, काळा, जाडसर, कुणी वळून बघणार नाही असा. प्रोसेसर मधला, आठ जीबी मेमरी, वर आणखी टाकायला रिकामी जागा, आणि हादऱ्यांची भीती नको म्हणून फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी. स्क्रीन चकचकीत नव्हती, म्हणून दाराशी उन्हात नेऊन पाहिली तरी अक्षरं दिसत होती. चार्जरची पिन मी स्वतः उपटली आणि दुपारभर तिथंच स्टूल ओढून बसले. पोरगा कंटाळून जेवून आला. लॅपटॉप चालूच होता.

शेठनं तो पाहून नाक मुरडलं. "हा कुठून आणला? कबाडीतून?" ऐन हंगामात एक दिवस सकाळीच लाइट गेली. शेठच्या केबिनमधला कॉम्प्युटर आणि त्याचा इन्व्हर्टर, दोघंही गपगार. काटा बॅटरीवर होता, आमचा प्रिंटरही, आणि माझा तो काळा लॅपटॉप गेटावर सरकी-रुईच्या धुळीत गाडीमागून गाडी मोजत होता. शेतकरी पावती घेऊन चहाला जात होते. लाइट आली तोवर रांग संपली होती. शेठ बाहेर आला, उगीच काट्याकडे बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पुढच्या साली बी तुमीच बसा, ताई." मी त्याच्यासमोर मान डोलावली आणि संडासात जाऊन, खरंच सांगते, नाचले. दोन्ही मुली कामावर राहिल्या. त्यातल्या एकीनं तर आता स्वतःचं ऑफिस टाकलंय, महागावला.

हे लिहिलेलं माझ्या लेकीला दाखवणार नाही, ती हसेल. तुला एकच सांगायचं राहिलंय. हंगाम संपल्यावर मी परत त्या दुकानात गेले. घ्यायचं काहीच नव्हतं. तो पोरगा एका गिऱ्हाइकाला म्हणत होता, "साहेब, आधी तुमच्या कामाची फाइल घेऊन या." मला पाहून त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला. मी वाट पाहत होते, हे तुम्हाला कुणी शिकवलं असं तो विचारेल म्हणून. त्यानं विचारलं नाही. मग दारातून मागे वळून मीच म्हटलं, "आमच्या आईनं शिकवलं." तेवढं एक वाक्य बोलायला मी बाभुळगावाहून तिकीट काढून गेले होते.