सेंटिमीटरला एक महिना

२५ ऑक्टोबर २००९, रविवार
नंदिनी दिवाळीला माहेरी आली ती अजून इथेच. भाऊबीज होऊनही आठवडा होत आला. जावईबापूंचा, म्हणजे प्रसादचा, डोंबिवलीहून रोज फोन. "बाबा, कधी पाठवताय?" आवाजात साखर. नंदू फोनवर येत नाही. का, म्हणून विचारलं तर "असंच". सौ. स्वयंपाकघरात भांडी आपटते, तेही असंच.
विद्यार्थिदशेत न्यायशास्त्राचा पहिला धडा घोकला होता: जिथे धूर तिथे अग्नी. घरात धूर कोंडलाय. अग्नी कुणी दाखवत नाही.

२७ ऑक्टो.
वालीवला एका कारखान्याच्या दारात कामगार बसलेत. पेपरला बातमी पाठवली, दोन्ही बाजू घेऊन. मास्तरकी संपल्यापासून हाच उद्योग. मालकाची बाजू घेताना चहा मिळाला, कामगारांची घेताना ऊन.
परतताना उमेळ्याची भाजीवाली हिराबाई म्हणाली, "मास्तर, पोर सुकली की हो तुमची. तिकडचं पानी मानवलं नाय वाटतं."
मेथीच्या दोन जुड्या देताना तिला जे दिसलं ते मला... असो.

२९ ऑक्टो.
धाकट्या भावाची दीपाली आली होती. मुंबईत प्रयोगशाळेत संशोधन करते. विषय ऐकून आधी हसलो. माणसाच्या केसातून त्याच्या मनावरचा ताण मोजायचा! ताणात शरीर एक द्रव्य सोडतं, कॉर्टिसोल. ते वाढत्या केसात साठत जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्याचे सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे, धुवायचे, दळायचे, मोजायचे. मुळाकडचा तुकडा म्हणजे गेला महिना, पुढचा म्हणजे त्याआधीचा. पाच-सहा महिन्यांपलीकडचं धुऊन गेलेलं असतं.
मी : "म्हणजे टकल्यांना चिंता नसते, हे सिद्ध झालं."
दीपा : "तुमच्यासारख्यांना आम्ही टाळून पुढे जातो, काका."
ती गेल्यावर मात्र तेच डोक्यात. नंदूच्या लग्नाला दीड वर्ष. केस कमरेपर्यंत. तोंड बंद आहे, पण...

३० ऑक्टो.
संपादकांना विचारलं, केसांवरच्या संशोधनाची बातमी करू का. "करा, तेलाची जाहिरात मिळते का बघतो," म्हणाले. नाही केली.

१ नोव्हें.
आज एक काम केलं. लिहायला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.
न्हाणीघराच्या दारामागे गुंतवळाची पिशवी असते. घरातल्या बायका विंचरून झाल्यावर कंगव्यातले केस बोटाभोवती गुंडाळून, थू थू करून त्यात टाकतात. महिन्या-दोन महिन्यांनी एक बाई येते आणि त्यांच्या बदल्यात पिना, बांगड्या देऊन जाते. त्यातली वरची, काळी दिसणारी गुंडाळी घेतली. बातम्या पाठवायच्या लिफाफ्यात घातली. वर लिहिलं, "दीपाली, तपासून कळव. घरात बोलू नको." भाऊ मुंबईला जाणार होता, त्याच्या हाती दिला.
सौ.ने पिशवी पाहून विचारलं, "केस कमी कसे झाले?" मी म्हटलं, "वय झालं." हसली नाही.

४ नोव्हें.
दीपाचा फोन.
"काका, हे काय पाठवलंत? यात मेंदीचे आहेत, पांढरे आहेत, काळे आहेत. काकूचे आणि नंदूचे एकत्र दळू का?"
एकच कंगवा, दोन डोकी. हे माझ्या लक्षातच आलं नाही. पस्तीस वर्षं त्याच घरात राहतोय.
"शिवाय गळलेला केस चालत नाही. मुळापासून कापलेला लागतो, मुळाकडे दोरा बांधून. नाहीतर गेला महिना कुठला आणि मागचा कुठला, कसं कळणार? आणि तिला विचारलंत?"
मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.
"मग ही चोरी आहे, काका."
चोरीला संस्कृतात सात-आठ शब्द येतात मला. एकही कामाला आला नाही.

६ नोव्हें., शुक्र.
प्रसादचा फोन. परवा रविवारी आईला घेऊन येतोय, नंदिनीला न्यायला. माझ्या तोंडून निघालं, "या, या." दोनदा. सवय.
नंदू दारात उभी होती. तिचं ताट तसंच राहिलं.
संध्याकाळी तिला सगळं सांगून टाकलं. लिफाफा, गुंतवळ, दीपा. म्हटलं, "बाळ, हातात काही असल्याशिवाय त्यांच्यापुढे मी काय बोलू?"
नंदू म्हणाली, "म्हणजे तुम्ही केसांना विचारणार?"
मग म्हणाली, "बोलवा दीपूला."

७ नोव्हें., शनि.
दुपारी दीपा आली. कात्री, दोरा, कागदाची पाकिटं. नंदूला स्टुलावर बसवलं. तिने अंबाडा सोडला. मी पेपर उघडून बसलो होतो, उलटा होता की सुलटा, आठवत नाही.
नमुना डोक्याच्या मागच्या बाजूने घेतात, तिथले केस सारखे वाढतात म्हणून. दीपाने कंगव्याने केस वर उचलले आणि हात थांबला.
"काका, पट्टी आहे?"
दिली. मोजलं. मग मला जवळ बोलावलं.
मागे, दोन बोटांएवढ्या जागेत लांब केसच नाहीत. नुसते नवे, आखूड, उभे. दाढीचे खुंट वाढल्यासारखे.
दीपा : "अडीच सेंटिमीटर. इथून नमुना घेता येणार नाही."
हिशेब तिने केला नाही. मला येत होता. अडीच महिने, थोडं पुढेमागे. ऑगस्ट अखेर. गौरीगणपती.
गौरीच्या जेवणाला मी तिथे होतो. नंदू डोक्यावर पदर घेऊन वाढत होती. मी विहीणबाईंना म्हटलं, "तुम्ही वळण लावलंत हो. आमच्या घरात हिने डोक्यावर कधी पदर घेतला नाही." सगळे हसले. प्रसादने मला आग्रह करून दुसरी पुरणपोळी वाढली. मी खाल्ली.
नंदू पाठमोरीच म्हणाली, "आदल्या दिवशी प्रसादने ओढले, बाबा. मीठ जास्त झालं होतं."

सौ.ला विचारलं. तिला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून माहीत. तेल लावताना हाताला लागलं.
"मला का नाही सांगितलंस?"
"तिने शपथ घातली होती. आणि तुम्ही विचारलं असतंत, हिचं काय चुकलं."
विचारलं असतं. दोन्ही बाजू घेतल्या असत्या.

दीपा सामान आवरायला लागली तर नंदूनेच तिचा हात धरला. "घे ना. बाजूने घे, जिथे आहेत तिथून."
"आता कशाला गं? दिसतंय ते पुरे आहे."
"बाबांसाठी नको. मला बघायचंय, कधीपासून ते."
दीपा म्हणाली, ताण किती ते केस सांगतात, का ते सांगत नाहीत. एका माणसाच्या आकड्यावरून काही सिद्धही होत नाही. नंदू म्हणाली, "का ते मला माहीत आहे."
पेन्सिलीएवढी जाड बट कापली. मुळाकडे लाल दोरा नंदूने स्वतः बांधला. आकडे यायला महिना तरी लागेल.

८ नोव्हें., रवि. सकाळी साडेदहा
सकाळपासून डोंबिवलीला फोन लावतोय, येऊ नका म्हणून सांगायला. कुणी उचलत नाही. निघाले असणार.
कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची ते ठरत नाही. "जावईबापू" म्हणून नाही, एवढं नक्की. "अहो-जाहो" करायचं का? कागदावर चार वाक्यं लिहिली, चारही खोडली. एकात "कृपया" होतं.
नंदू न्हाऊन हॉलमध्ये येऊन बसली आहे. केस वर घट्ट बांधलेत, मान आणि मागची जागा उघडी. खुर्ची फिरवून दाराकडे पाठ करून बसली आहे. मी म्हटलं, आत बस हवं तर. "इथेच बसते," म्हणाली.
सौ. स्वयंपाकघरातून विचारतेय, चहा तिघांचा टाकू की पाचांचा.
दुसऱ्यांदा विचारतेय.
खाली रिक्षा थांबली.